सांधा समोर ठेवायचा

या, अशा जवळ सरका. तिकडे दाराशी बसून चाळणीची गोष्ट ऐकू येत नाही. आणि आधी थोडं रागावून घेते, मग सांगते. तुमच्या घरी रोज पीठ चाळता ना? मग सांगा बरं, तुमच्या चाळणीचा सांधा कुठं असतो? बघा, एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागलात! आता स्टीलची आहे, प्लास्टिकची आहे, म्हणाल. अहो, लाकडी होती तेव्हा तरी कुणी पाहिलं? पीठ खाली पडलं, कोंडा वर राहिला, चाळणी दोनदा ओट्यावर आपटली आणि दिली खिळ्याला टांगून. मी सुरतेत तीस वर्षं चाळण्या केल्या. एवढ्या वर्षांत एका माणसानं विचारलं नाही की बाई, हे सरळ लाकूड गोल कुणी केलं?

आणि विचारलं कुणी, तर थेट जपानच्या बाईनं. तीच गोष्ट सांगायची आहे. मी चौथीपर्यंत शिकलेली, तरी हे कागदावर उतरवतेय. सून रेखा बाजूला बसून काना-मात्रा बघते आहे. तिला म्हटलं, काना-मात्रा तुझ्या, बोलणं माझं.

आमचं मूळ नंदुरबारकडचं. लग्न झालं आणि मालकांच्या मागं सुरतेत आले. ते उधन्याला लूमवर होते, आम्ही डिंडोलीत राहायचो. तेव्हा बायका घरी बसून साडीचे धागे कापायच्या, मीही कापायची. आमच्या समोर एक म्हातारा डफ करायचा. आम्ही त्याला बापू म्हणायचो. डफाचं कडं आणि चाळणीचं कडं, काम एकच. मी ओट्यावर धागे कापता कापता त्याच्या हाताकडे बघत राहायची. एकदा विचारलं, "बापू, मले शिकाडशात का?" तर म्हणाला, "बाईमाणसाचं काम नाही हे, मनगट लागतं." मी घरी गेले, सासूबाईंची जुनी चाळणी घेतली आणि खिळे उपटून ती सरळ करून बघितली. मोडली. मग दुसरी मोडली. सासूबाई म्हणाल्या, "आता पीठ काय पदरातून चाळू?" तिसऱ्यांदा जमलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना थोडक्यात सांगते. लाकूड सरळ रेषांचं पाहिजे, गाठ नको. मी तुतीचं घ्यायची, नाही मिळालं तर बाभळीचं. वखारीतून पातळ पट्टी चिरून आणायची, दिवसभर पाण्यात बुडवून ठेवायची, मग पिंपात उकळायची. उकळलेलं लाकूड हाताला सांगतं, आता वळव. ते सांगणं फार थोडा वेळ चालतं. गारठलं की पुन्हा हट्टी. तेवढ्यात साच्याभोवती गुंडाळायचं, टोकावर टोक चढवायचं, दोरीनं आवळायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. उन्हात ठेवलं की तडकलंच. मग जिथं टोकं एकमेकांवर बसतात तो सांधा. तिथं खिळे ठोकायचे, रंधा मारायचा, लाकडाचा भुसा सरसात कालवून फटीत भरायचा आणि काचपेपरनं घासायचं. बोट फिरवलं तर लागता कामा नये. बापूचा सांधा डफाच्या कातड्याखाली झाकला जायचा. माझ्या चाळणीला कातडं कुठलं? म्हणून मी हातानं झाकायला शिकले.

आणि एक नेम होता. बाजारात चाळण्या मांडताना सांधा भिंतीकडे करायचा. गिऱ्हाईक आधी सांधाच शोधतं. पांडेसऱ्याच्या प्रिंटिंग मिलमधले एक मास्तर रंगाचा गोंद गाळायला माझ्या चाळण्या न्यायचे. लाकडी कडं रंगानं गंजत नाही म्हणून. ते प्रत्येक चाळणी कानाशी धरून टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "मासी, जोड क्यां छे?" मी म्हणायची, "शोधा." ते शोधत राहायचे. शेवटी म्हणायचे, "जवा दो, मळतो नथी." सापडत नाही, म्हणजे घेतली! तीच माझी मोठेपणाची गोष्ट होती. माझा सांधा कुणाला सापडत नाही.

पुढं स्टीलच्या आल्या, प्लास्टिकच्या आल्या. मालक गेले. पिंप फुटलं ते मी पुन्हा आणलं नाही. साचे माळ्यावर टाकले. पाच-सहा वर्षं हात रिकामे होते.

रेखा तेव्हा वेसूकडे एका फ्लॅटमध्ये स्वयंपाकाला जायची. तिथं जपानी जोडपं राहायचं. नवरा लूमची जपानी मशिनं बसवायला आलेला. बायकोचं नाव हारुको. म्हणजे आमच्या तोंडी हारुकोबेन. एक दिवस रेखा घरी आली ती चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "आत्याबाई, ती बाई आज रडत होती. तिचं लाकडाचं भांडं उकललं. मी सांगून बसले की आमच्या सासूबाई लाकूड वळवतात."

"अगं, चाळणी कुठं अन् भांडं कुठं!"

"आता ती रिक्षानं येतेय इकडे. मी काय करू?"

आली. पन्नाशीची, बारीक अंगाची. दारात वाकून नमस्कार केला तो इतका खाली की मीच घाबरून उठले. म्हटलं, "ये व माय, बठ." तिला अहिराणी कळायचं कारण नाही, पण बसली. मांडीवर रेशमी फडक्यातलं गाठोडं. ते तिनं असं सोडलं जसं बाळाचं दुपटं सोडतात.

बायांनो, काय सांगू तुम्हाला! पाण्याचं भांडं. आपल्या कळशीएवढं रुंद, पण सरळ उभ्या भिंतीचं, गोल. लाकूड इतकं पातळ की उजेडाला धरलं तर कडेला लाली दिसावी. रंग नाही, पॉलिश नाही. हुंगलं तर लिंबासारखा, देवघरासारखा वास. आणि खिळा एक नाही! मी उलटं करून बघितलं, आत हात घालून बघितलं. सांध्याला झाडाच्या सालीनं शिवलेलं होतं. तिकडे चेरी म्हणून झाड आहे, त्याची चकचकीत तांबूस साल. एकाखाली एक टाके, दोन ओळी. मी तीस वर्षं लाकडाला खिळे ठोकले, आणि इथं कुणीतरी लाकूड कापडासारखं शिवलं होतं.

त्यातली एक ओळ पूर्ण तुटली होती. एसीच्या कोरड्या हवेनं लाकूड आकसलं आणि सांधा वरून निम्म्यापर्यंत उघडला. तळ मात्र शाबूत होता.

हारुकोबेनला कामापुरती हिंदी यायची, उरलेलं ती हातांनी बोलायची. तिनं सांगितलं ते असं. तिकडे चहा देणं ही एक साधना असते. वर्षानुवर्षं शिकतात. भांडं धुणं, पाणी घेणं, पुसणं, सगळ्याची रीत ठरलेली. तिच्या गुरुबाई, ती त्यांना सेन्सेई म्हणायची, आता नव्वदीला टेकलेल्या आणि अंथरुणावर. हे भांडं त्यांच्या आईकडून त्यांच्याकडे आलेलं, आणि हारुकोबेन इकडे यायला निघाली तेव्हा त्यांनी ते तिच्या हातात दिलं. म्हणाल्या, परक्या गावी चहा करशील तेव्हा यात पाणी ठेव आणि मला दाखव. गुरुबाईंचा वाढदिवस अठरा दिवसांवर आलेला. त्या दिवशी फोनवर त्या बघणार होत्या. "अगले साल," हारुकोबेन म्हणाली. तिनं नुसती नाही अशी मान हलवली.

मी म्हटलं, ठेवून जा.

आधी माळ्यावरून साचे काढले. तिच्या भांड्याला लगेच हात लावला नाही. माझ्याच तुतीच्या पट्टीवर शिवून बघितलं. चेरीची साल सुरतेत कुठून आणू? केळीची दोरी फुगली. ताडाचं पान चिरलं. मग आठवलं, रांदेरच्या रस्त्याला खुर्च्या विणणारा बसतो. त्याच्याकडून वेताची पाती आणली, भिजवली, सुरीनं खरवडून नखाएवढी पातळ केली. टाका बसला. हारुकोबेननं चिकटवायला बाजारचं काही वापरू नका म्हणून हात जोडले होते. भात घोटून त्याची खळ करायची म्हणाली. मला हसू आलं. लूमवाल्याच्या बायकोला कांजी शिकवतेस?

चार-पाच दिवसांत खळ लावून, तुटलेली ओळ वेतानं शिवून सांधा बसवला. इतका छान बसला की माझे हात मला पुन्हा तरुण वाटायला लागले. आणि तिथंच घात झाला. हात तरुण झाले की जुन्या सवयी पण तरुण होतात.

दुसरी ओळ जुन्या सालीचीच होती. दोन-तीन टाके झिजलेले, बाकी धड. मी मनात म्हटलं, एक ओळ वेताची पिवळी, एक सालीची तांबडी, ठिगळ दिसतंय. सांधा खळीनं पक्का धरलाय, टाक्यांची गरजच काय? मग मी दोन्ही ओळी कापून काढल्या. टाक्यांच्या भोकांत भुसा आणि खळ भरली. वाळल्यावर हलक्या हातानं रंधा मारला, काचपेपर फिरवला. डोळे मिटून बोट फिरवलं. सांधा सापडेना! मला सापडेना, जिनं केला तिला! रेखाला बोलावलं. "शोध." तिनं उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "आत्याबाई, जादू आहे." मी त्या दिवशी गोड शिरा केला होता, खोटं कशाला सांगू.

वाढदिवसाला चार दिवस असताना हारुकोबेन आली. भांडं दोन्ही हातांत घेतलं. चेहरा फुलला. मग तिनं ते फिरवलं. पुन्हा फिरवलं. मला वाटलं, मास्तरांसारखी शोधतेय, आता म्हणेल सापडत नाही. मी तयार बसले होते हसायला.

ती म्हणाली, "मासी, इसका मुंह कहाँ है?"

"तोंड? वर आहे की, हे काय उघडं."

"नहीं." तिनं भांडं खाली चटईवर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. कसं ठेवायचं ते तिला कळत नव्हतं. मग तिनं सावकाश सांगितलं. त्यांच्यात गोल वळवलेलं भांडं ठेवताना सांधा समोर येतो, चहा करणाऱ्याच्या बरोबर पुढ्यात. तो सांधा म्हणजे भांड्याचा चेहरा. गुरुबाईंच्या आईनं त्याच चेहऱ्यासमोर बसून चहा केला, गुरुबाईंनी आयुष्यभर केला. आता हे भांडं चहूबाजूंनी सारखं. याला ठेवायचं कुठल्या बाजूनं?

मी रेखाकडे बघितलं, रेखानं जमिनीकडे. तीस वर्षं मी ज्याला लपवत आले तो यांचा चेहरा होता, आणि मी तो रंधा मारून काढला होता. दुसऱ्याच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईचा. तिच्या आईचा.

हारुकोबेन रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बहुत सुंदर काम है," आणि ते तिनं मनापासून म्हटलं, म्हणून जास्त लागलं.

मी म्हटलं, "उकलते. पुन्हा शिवते. चार दिवस पुष्कळ आहेत." पण उकलणार कुठं? सांधा मलाच दिसत नव्हता! खिडकीशी नेलं, तिरकं धरलं, चष्मा पुसला. काही नाही. शेवटी हारुकोबेननं पाणी मागितलं. स्वच्छ फडकं ओलं केलं आणि भांड्यावरून फिरवायला लागली. मी ओरडलेच, "अगं, कोऱ्या लाकडाला पाणी!" ती म्हणाली, चहाच्या आधी आम्ही याला भिजवतोच. पाहुणे येणार म्हणून अंघोळ. ओलं लाकूड ताजं दिसतं आणि डाग धरत नाही.

लाकूड पाणी प्यायला लागलं, रंग गडद झाला. आणि एका जागी वरपासून खालपर्यंत फिक्या ठिपक्यांच्या दोन ओळी उभ्या राहिल्या. जिथं मी भुसा आणि खळ भरली होती तिथं पाणी शिरत नव्हतं. एकेक टाक्याची जागा स्वच्छ दिसत होती. जगातल्या कुणाला न सापडणारा माझा सांधा ओल्या फडक्यानं क्षणात दाखवून दिला.

आम्ही दोघी त्या ठिपक्यांकडे बघत बसलो. मग ती हसली, मग मी. रेखा म्हणाली, "चहा टाकू का, आपला?"

हारुकोबेन गेल्यावर मला आठवलं, जुनी साल! मी ती झाडून भुशाच्या गोणीत टाकली होती. त्या गोणीतला भुसा शेजारीण चुलीला न्यायची. धावत गेले. अर्धी गोणी जळून गेलेली. उरलेली अंगणात पालथी केली आणि आम्ही सासू-सुना तांदूळ निवडावेत तशा बसलो. बारके कपटे मिळाले, भुगा मिळाला. धड म्हणावा असा एकच तुकडा सापडला, बोटाच्या दोन पेरांएवढा. त्या गोणीची खंत मला अजून आहे. वेत कितीही चांगला असो, गुरुबाईंच्या आईनं पाहिलेली ती साल होती.

सुईच्या टोकानं एकेक भोक मोकळं केलं. त्याला दोन दिवस गेले. लाकूड कागदासारखं, टोक जरा सरकलं तर चीर पडून सगळं संपलं असतं. वेताची पाती चहाच्या पाण्यात बुडवून थोडी तांबूस केली, म्हणजे नवी दिसेल पण उर्मट दिसणार नाही. दोन ओळी शिवल्या. तळाशी शेवटचा टाका त्या जुन्या सालीचा घातला. टाके सगळे सारखे आले नाहीत. मधला एक जरा तिरका आहे. काचपेपरकडे हात जात होता, तर रेखानं तो कागदच उचलून माळ्यावर ठेवला. म्हणाली, "आत्याबाई, चेहऱ्यावरून काचपेपर फिरवतात का?"

वाढदिवसाला आम्हा दोघींना सकाळी बोलावणं होतं. मी इरकली नेसले. हारुकोबेनच्या घरात एक खोली रिकामी केलेली, खाली चटया, कोपऱ्यात एकच फूल. खुर्चीबिर्ची नाही, ते मला आवडलं. फोन ठेवला होता तिच्या पाठीमागं, खांद्याजवळ एका पाटावर. मी विचारलं, समोर का नाही? तर म्हणाली, शिकवताना गुरुबाई मागेच बसायच्या. फोनमध्ये उशांना टेकून एक इवलीशी म्हातारी, पांढरे केस नीट विंचरलेले, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपल्यात.

आणि मग ते सुरू झालं. मी आयुष्यात इतकं गप्प कधी बसले नाही. रेखाला विचारा. ती आली, भांडं दोन्ही हातांनी धरून, ओलं, नुकतं न्हालेलं. खाली ठेवलं. सांधा बरोबर समोर. एक लांब दांड्याची बांबूची पळी, बांबूचा चमचा टोकाशी वाकवलेला, आणि एकाच बांबूच्या तुकड्याला शंभरदा चिरून केलेली रवी. ती रवी बघून मी मनात बापूला हाक मारली. म्हटलं, बापू, मनगट कशाला म्हणतात ते इथं येऊन बघ. तिचा हात भांड्याकडे जायचा तेव्हा घाईनं जायचा नाही आणि रेंगाळायचाही नाही. पाणी पडल्याचा आवाज ऐकू येत होता. वेसूच्या रस्त्यावर हॉर्न वाजत होते, तरी ऐकू येत होता.

चहाचं म्हणाल तर हिरवागार आणि कडू. रेखानं माझ्या कानात सांगितलं, साखर विसरली. मी डोळे वटारले आणि सगळा प्यायले.

मध्येच फोनमधून आवाज आला. म्हातारीनं डोळे उघडले होते. दोन शब्द बोलली. हारुकोबेनचे हात क्षणभर थांबले, पण तिनं मागं वळून बघितलं नाही. रीत मोडायची नाही. तिनं वाटी धुतली, पुसली, भांड्यावर झाकण ठेवलं, वाकून नमस्कार केला. मला वाटलं, ओळखलं. आता विचारणार, माझ्या आईची साल कुठं गेली.

सगळं आवरल्यावर हारुकोबेन माझ्याकडे वळली. डोळे भरलेले. म्हणाली, "सेन्सेई पूछ रही हैं, ये किसका हाथ है?"

कुणाचा हात! तीस वर्षांच्या हजारो चाळण्या, एकानं विचारलं नव्हतं. विचारणार कसं, मीच तर हात पुसून टाकत आले. हारुकोबेननं फोन माझ्यापुढं धरला. मी दोन्ही हात पुढे केले. वेतानं कापलेली बोटं, अंगठ्याचं काळं नख. म्हातारी पुढं झुकून बघत राहिली. मग सावकाश तिनंही आपले हात चादरीतून काढले आणि मला दाखवले. सुरकुतलेले, थरथरणारे, आपल्यासारखेच. काहीतरी म्हणाली. हारुकोबेननं सांगितलं, "कहती हैं, सिलाई नई है, चेहरा वही है."

मी विचारून घेतलं, बरं का, की हे चेहरा समोर ठेवायचं सगळ्याच भांड्यांना का? तर म्हणाली, नाही, चौकोनी असलं तर उलटं, सांधा पलीकडे. "का?" म्हटलं. ती हसली. "सेन्सेईंनी तसंच शिकवलं." म्हटलं, मग बरोबर. आम्हालाही असंच शिकवतात.

नवऱ्याचं काम संपलं तशी हारुकोबेन जपानला परत गेली. गुरुबाईंना भेटायला भांडं घेऊनच गेली, आणि त्यांनी तिरक्या टाक्यावरून बोट फिरवलं म्हणून तिनं रेखाच्या फोनवर कळवलं. मी नवीन पिंप आणलं आहे. चाळण्या करते, थोड्याच. खिळे सोडले, आता वेतानं शिवते. काचपेपर अजून माळ्यावरच आहे.

तर आता ऐका. डिंडोलीत उतरलात की चाळणीवाली माय विचारा, शेंबडं पोरही दाखवेल. नाहीच विचारलंत तरी घर सापडेल. दाराबाहेर चाळण्या टांगलेल्या आहेत, सांधा रस्त्याकडे करून. तुमच्यासाठी एक बाजूला काढून ठेवते. या, हातात घ्या, टाके बघा, तिरका आला असेल तर तोंडावर सांगा. चहा आपला, साखरेचा. फक्त फार दिवस लावू नका. पिंपाखाली जाळ आहे आणि हात अजून चालताहेत, तोवर या.